कळसावरचा कोन

मला जन्मभर एकाच माणसाचा हेवा वाटला. तो माझा मामेभाऊ. माझ्याहून दीड वर्षानं धाकटा. मला दादा म्हणायचा, माझ्या मागं मागं फिरायचा आणि प्रत्येक गोष्टीत माझ्या पुढं निघून जायचा. कानामागून आली आणि तिखट झाली ही म्हण ज्या कुणी काढली, त्यालाही असा एखादा मामेभाऊ असणार.

आमच्याकडं तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमची गावं माजलगावकडची, दोघांच्याही घरी शेती, आणि दोघंही शिकायला बीडला एका नातेवाइकाकडं. घरी आणि रस्त्यावर मराठी, शाळेत मात्र सगळं उर्दू. त्रिकोणाला मुसल्लस म्हणायचं, कोनाला जाविया, काटकोनाला कायमा, अंशाला दर्जा. दर्जाचे साठ भाग केले की एक भाग म्हणजे दकीका. हे शब्द माझ्या जिभेवर लवकर बसले. पाठांतरात मला कुणी मागं टाकू शकत नव्हतं, याचा मला फार अभिमान होता.

एके दिवशी मास्तरांनी रद्दी कागदाचा एक त्रिकोण कापला. त्याचे तिन्ही कोपरे फाडले आणि तिन्हींची टोकं एका जागी आणून पाटीच्या काठाला लावली. कोपऱ्यांनी काठ सरळ धरला. फट राहिली नाही, काही उरलंही नाही. मास्तर म्हणाले, "मुसल्लस के तीनों जाविये मिलकर दो कायमों के बराबर." म्हणजे त्रिकोण कसाही असो, त्याच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोन, एकशे ऐंशी दर्जे.

मी त्याच संध्याकाळी ते वाक्य घोकून टाकलं. मामेभाऊ पत्रावळीसाठी आणलेली पळसाची पानं घेऊन ओट्यावर बसला. कातरीनं त्रिकोण कापायचा, कोपरे फाडायचा, उंबऱ्याच्या कडेला लावून बघायचा. एक लांबुडका, एक बसका, एक तर इतका निमुळता की त्याचा तिसरा कोपरा फाडताना चिमटीत धरता येईना. मी विचारलं, "कावून पानं नासतूस?"

"समद्याचंच तसं हुतंय का बगतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी उभा राहून वाक्य खडाखडा म्हणून दाखवलं. मास्तर म्हणाले, "शाबाश." मग मामेभावानं पिशवीतून पानांचे तुकडे काढले. मास्तर खुर्चीवरून उठले, खाली सतरंजीवर त्याच्याशेजारी बसले आणि घंटा होईपर्यंत दोघं ते तुकडे जुळवत राहिले. शाबाशी मला मिळाली होती, पण मास्तर त्याच्याशेजारी बसले होते. माझ्या पोटात त्या दिवशी पहिल्यांदा दुखलं.

शाळा सुटल्यावर आम्ही दोघंही सरकारी मोजणीत उमेदवार म्हणून लागलो. बीडच्या दक्षिणेला मांजरसुंब्याचा घाट आहे. घाटावरचे डोंगर आणि खालची गावं मोजून नकाशात घालायची होती. एक मोसम काम बघून त्यातून एकालाच मोजणीदार नेमणार होते. जागा एकच. वडिलांनी ती मलाच मिळणार असं गावभर सांगून टाकलं होतं. आईचं वेगळं होतं. तिला माहेरी जाऊन भावाच्या ओसरीवर एकदा मान वर करून बसायचं होतं. "तुज्या मामाचं पोरगं हुशार हाय," ती मला म्हणाली होती, "पन तू थोरला हायेस." एवढंच म्हणाली. मला ते पुरेसं झोंबलं.

काम असं होतं. तीन ठिकाणी निशाणं रोवायची, म्हणजे एक त्रिकोण. एका निशाणापाशी तिपाईवर दुर्बीण लावायची, ओळंबा निशाणाखालच्या खुंटीच्या बरोबर डोक्यावर आणायचा, दुर्बिणीवरच्या नळीतला पाण्याचा बुडबुडा मधोमध बसवायचा आणि उरलेल्या दोन निशाणांकडं बघून मधला कोन वहीत लिहायचा. मग दुसऱ्या निशाणापाशी, मग तिसऱ्या. तिन्हींची बेरीज एकशे ऐंशी दर्जे यायला हवी. पण ती नेमकी कधीच येत नाही. हात हलतो, वारा असतो, डोळा थकतो. दोन-तीन दकीक्यांचा फरक सगळे चालवून घेत. आमच्यावरचे म्हातारे मुन्शीजी आम्हा दोघांनाही तेच त्रिकोण वेगवेगळ्या दिवशी मोजायला लावत, आणि आठवड्याला दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघत.

माझा फरक सात यायचा, नऊ यायचा. त्याचा दोन, फार तर तीन.

दर आठवड्याला त्या दोन वह्या शेजारी उघडल्या की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी त्याच्यापेक्षा उंच होतो, माझं उर्दू त्याच्यापेक्षा चांगलं होतं, मला नुकती मिशी फुटली होती आणि त्याला अजून लव सुद्धा नव्हती. पण दुर्बिणीला यातलं काही दिसत नव्हतं. त्याच्या तिपाईचा एखादा पाय दगडावरून सटकावा असं मी किती वेळा मनात म्हटलं असेल. तो कधी सटकला नाही. मामेभाऊ पाय रोवल्यावर तीनदा दाबून बघायचा.

एके दुपारी दोन कोन मोजून झाले होते आणि तिसरं निशाण ओढ्यापलीकडं, टेकडीच्या माथ्यावर होतं. ऊन रणरणत होतं. मी पळसाखाली बसलो आणि वहीत बघितलं. पहिला कोन एकसष्ट दर्जे चौदा दकीके. दुसरा अठ्ठावन्न दर्जे चाळीस. बेरीज एकशे एकोणीस दर्जे चौपन्न. एकशे ऐंशीतून वजा केले, उरले साठ दर्जे सहा. मी तिसऱ्या रकान्यात साठ दर्जे सहा लिहिलं. टेकडी चढलोच नाही.

त्या आठवड्याला मुन्शीजींनी माझी वही डोळ्यांजवळ नेली. "पूरा!" ते म्हणाले. "एक दकीके का भी फर्क नहीं." मग मामेभावाकडं वळून म्हणाले, "भाई से सीखो."

हे ऐकून मला जे सुख झालं ते मी लपवणार नाही. नंतर लग्न झालं, मुलं झाली, पण असं सुख पुन्हा झालं नाही. पुढच्या आठवड्यापासून मी तिसरा कोन मोजणंच सोडलं. डेऱ्यावर परत आल्यावर सावलीत बसून वजाबाकी करायची आणि सगळे रकाने भरून टाकायचे. दुर्बीण कुठं लावली, जमिनीपासून किती उंच होती, वारा कसा होता, सगळं. एखाद्या शहाण्या चोरानं अधूनमधून एखादा दकीका कमी-जास्त ठेवला असता. पण मला त्याला नुसतं हरवायचं नव्हतं, चेचायचं होतं. म्हणून प्रत्येक त्रिकोण पुरा. मुन्शीजींची नजर अधू झाली होती, आणि वर दाखवायला एक चांगली वही त्यांनाही हवीच होती.

एका संध्याकाळी मामेभाऊ माझ्याजवळ येऊन बसला. मग म्हणाला, "दादा, तुजं कावून पुरं येतंय? माजं दोन-तीन ऱ्हातंयच. काय चुकतंय सांग की."

तो खरोखर विचारत होता. मला शिकव म्हणत होता. त्या वेळी मी काय सांगितलं ते लिहिताना आजही लाज वाटते. मी म्हणालो, "तू न्ह्यारी करून मापाला लागतूस न्हवं? पोटात भाकर गेली की नजर जड हुती. मी दुपारपस्तोर नुसत्या पान्यावर असतो."

"कवा बोललाच न्हाईस," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं न्याहारी सोडली. पहाटे उठून तसाच निघायचा. डेऱ्यावरचा स्वयंपाकी त्याच्या वाट्याच्या दोन भाकरी फडक्यात बांधून ठेवायचा. मी माझी न्याहारी बांधाआड बसून खायचो, ज्वारीची भाकरी, तेलातली लाल चटणी, बुक्कीनं फोडलेला कांदा. आणि मग, वाया कशाला घालवायच्या म्हणून, त्याच्याही खायचो. आठ दिवसांत त्याचे गाल आत गेले. मला वाईट वाटलं का? थोडं. पण त्याची दमछाक झाली की चुका वाढतील, या आशेपुढं ते टिकलं नाही.

झालं उलटंच. त्याचा फरक दोनावर आला, मग एकावर. एका आठवड्यात तर त्याचे दोन त्रिकोण पुरे आले. त्याचं कारण मला तेव्हा कळलं नाही, फार पुढं कळलं. आमची जमीन काळी. न्याहारीची वेळ झाली की ती तापायला लागते, तिच्यावरून झळा उठतात आणि दुर्बिणीतलं निशाण थरथर कापायला लागतं. आम्ही सगळे नेमके न्याहारी करून त्याच वेळी मापाला लागायचो. तो भाकरीसाठी थांबतच नव्हता, त्यामुळं गार हवेत त्याची सगळी मापं होऊन जायची. मी त्याला उपाशी मारायला गेलो आणि मोजायला शिकवून बसलो. माझ्या खोट्या शून्याशेजारी त्याचं खरं एक येऊन बसलं, आणि मला दोन्ही वह्यांकडं बघवेना.

मोसम संपता संपता मोठे साहेब तपासणीला आले. सकाळची वेळ, चिंचेखाली टेबल, टेबलावर आमच्या दोन वह्या. मुन्शीजी बाजूला, मोजणीची साखळी ओढणारी माणसं मागं उकिडवी बसलेली. साहेब शांत होते. प्रत्येक पान सावकाश बघत होते.

आधी त्यांनी मामेभावाची वही घेतली. एका पानावर बोट थांबलं. त्या त्रिकोणाचे दोन कोपरे निशाणांचे होते आणि तिसरा म्हणजे डोंगरावरच्या देवळाचा कळस. कळस लांबून दिसतो, म्हणून मुन्शीजींनी तिथं वेगळं निशाण रोवायला लावलं नव्हतं. मामेभावाच्या वहीत तिसरा रकाना कोरा होता आणि खाली लिहिलं होतं की कळसावर दुर्बीण लावता येत नाही, कोन मोजला नाही.

"खाली क्यों छोडा?" साहेबांनी विचारलं. "दो मालूम थे. घटा देते."

"घटवून तर कुनीबी लिवील, सायेब," तो म्हणाला. "मग मोजायचं कशाला?"

त्यानं हे बोलून सहज माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघत होतो.

साहेबांनी माझी वही ओढली. तेच पान उघडलं. त्या क्षणी मला आठवलं की रकाने भरताना मी तो त्रिकोण कुठला आहे हे बघितलंच नव्हतं. साहेबांनी वाचलं. तिसरा कोन, कळस. पंचावन्न दर्जे सव्वीस दकीके. बेरीज पुरी. वारा मंद. दुर्बिणीची उंची साडेचार फूट.

साहेबांनी मान वर केली. मग हलक्या आवाजात म्हणाले, "मियाँ, कलस के ऊपर साढे चार फूट?"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. तेवढ्यात मामेभाऊ पुढं झाला.

"दादानं घेतलं असंल, सायेब," तो म्हणाला. "चढायला लई पटाईत हाय. आन त्याचा हात लई नेमका हाय."

"और दूरबीन?"

"ती बी नेली असंल."

मग सगळेच हसले. साखळीवाले हसले, मुन्शीजींनी उपरणं तोंडाला लावलं, साहेबसुद्धा हसले. लोक त्याला हसत होते, मला नाही. मला वाटलं, हा किती भोळा आहे, याला अजून कळलेलं नाही. आणि भोळेपणाचाही मला राग आला, कारण हसू ओसरल्यावर साहेबांनी त्याच्याकडं ज्या नजरेनं बघितलं, तशा नजरेनं माझ्याकडं कुणी बघितलं नव्हतं.

साहेबांनी माझी पुढची पानं उलटलीच नाहीत. वही मिटली आणि मला घरी जायला सांगितलं. जागा त्याला मिळाली. आईनं त्या वर्षी माहेरी जायचं टाळलं. भावबीजेला मामाच आमच्याकडं आला आणि दोघं बहीणभाऊ पावसापाण्याचं बोलत बसले.

मी पुढं गावच्या शाळेत मास्तर झालो. मुलांना त्रिकोण शिकवला, पळसाची पानं फाडून शिकवला, आणि ही युक्ती कुणाची ते कधी सांगितलं नाही. मामेभावाचं नाव होत गेलं. त्याला घोडं मिळालं, हाताखाली माणसं मिळाली. तो कुठं कुठं मोजून आला याच्या बातम्या आई आनंदानं सांगायची आणि मी भाजीत मीठ कमी आहे म्हणून बायकोवर खेकसायचो.

वीसएक वर्षांनी त्याची मोजणी आमच्या गावच्या सिंदफणेकाठी आली. आत्याचं घर असताना तो डेऱ्यात कशाला राहील? आमच्याकडंच उतरला. सकाळी माझ्या बायकोनं त्याच्यापुढं भाकरी वाढली.

"न्हाई वैनी," तो म्हणाला. "मापाच्या दिवशी न्ह्यारी न्हाई. दादानं लावून दिलेली सवय हाय. माज्या हाताखालची समदी पोरं बी तसंच करत्यात. दादाचं नाव सांगूनच शिकवतो त्यांला."

बायकोनं माझ्याकडं कौतुकानं बघितलं. तिनं चार भाकरी फडक्यात बांधून माझ्या हातात दिल्या आणि मी त्याच्याबरोबर नदीकडं निघालो. अर्धी वाट गेल्यावर मला राहवेना.

"ते खोटं हुतं," मी म्हणालो. "न्ह्यारीचं. मी रोज खात हुतो. तुला उपाशी ठिवायचं म्हनून बोललो. मला तुजं बगवत नव्हतं."

"ठावं हाय," तो म्हणाला.

"काय ठावं हाय?"

"तुज्या मिशीला चटनी असायची."

मी थांबलो. तो चालतच राहिला, म्हणून मलाही चालावं लागलं.

"मग उपाशी कावून ऱ्हायलास?"

"पहिलं दोन दिस खरं वाटलं. तिसऱ्या दिवशी चटनी दिसली. पन तवर माप बरं यायला लागलंतं." थोडं पुढं जाऊन म्हणाला, "आन माजी भाकर बी तुला आवडत हुती."

आता एकच विचारायचं राहिलं होतं. "आन सायेबासमोर मला कळसावर चढवलास ते?"

"मग काय करनार? आदी मीच त्वांड उघडून बसलोतो. वजाबाकीचं बोललो, तुज्याकडं बगितलं, तवा समजलं. म्हनलं, हासायचंच असंल तर लोक मला हासू देत. आत्याला घरी जाऊन काय सांगायचं हुतं मी?"

त्या क्षणी मला त्याचा जितका हेवा वाटला तितका कधी वाटला नव्हता. हाताचा नाही, घोड्याचा नाही, नोकरीचा नाही. वीस वर्षं मी त्याला भोळा समजून जळत होतो आणि वीस वर्षं त्याला सगळं ठाऊक होतं. माझ्याकडं एवढं गुपित ठेवायला दिलं असतं तर मी पहिल्या भावबीजेलाच ओसरीवर ओकून मोकळा झालो असतो.

नदीकाठी त्यानं दुर्बीण लावली. तिपाईचा पाय तीनदा दाबून बघितला. मी निशाण धरून उभा राहिलो, आधी एका कोपऱ्यावर, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. ऊन चढायच्या आत तिन्ही कोन झाले. मी वहीत डोकावून बघितलं. दोन दकीके कमी होते. त्यानं ते तसेच लिहिले आणि वही मिटली.

मग आम्ही बाभळीखाली बसलो. मी फडकं सोडलं. भाकरी होत्या, कांदा होता, तेलातली लाल चटणी होती. त्यानं दोन भाकरी स्वतःकडं ओढल्या आणि दोन माझ्याकडं सरकवल्या.

"खा दादा," तो म्हणाला. "पन मिशी पूस."